भर उन्हातलं ध्वनिमुद्रण: रेकॉर्डर तापून बंद पडतो तेव्हा

चैत्रातली दुपार होती. तुळजापूरच्या बाजूच्या एका गावात देवीच्या यात्रेत आराधी मंडळी गात होती. देवळासमोर मोकळं पटांगण, डोक्यावर एक फांदीसुद्धा नाही. साठीच्या पुढची एक बाई संबळ आणि तुणतुण्याच्या साथीवर अशा उंच पट्टीत गात होती की भोवतीची गर्दी आपोआप गप्प झाली. मी रेकॉर्डर स्टँडवर लावला, आवाजाची पातळी बघितली, बटण दाबलं आणि मागे जाऊन बसलो. पाऊण तासाने उठून पाहिलं तर पडदा काळा. यंत्राला हात लावला तर चटका बसला. कार्डावर फाइल दिसत होती, पण उघडेना. ती बाई पुढच्या वर्षी यात्रेला आली नव्हती.

त्या दिवसापासून उघड्यावर काम करताना मी माइकइतकीच उन्हाची काळजी घेतो. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. यात्रेतली गाणी, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतलं ढोलपथक, मैदानावरची संध्याकाळची मैफल, यांतलं काहीही तुम्ही मुद्रित करत असाल तरी उपयोग होईल.

आधी हिशेब: उष्णता येते कुठून?

रेकॉर्डर तापला की बहुतेक जण आधी सेटिंगमध्ये जातात. हा वाईट, तो जुना, यात दम नाही, अशी यंत्रांची नावंही घेतली जातात. खरं कारण बहुतेक वेळा यंत्राच्या बाहेर असतं, आणि ते कळायला साधा गुणाकार पुरतो.

दोन पेन्सिल सेलवर चालणारा रेकॉर्डर घ्या. एनेलूपच्या नेहमीच्या रिचार्जेबल सेलची क्षमता १९०० एमएएच आणि व्होल्टेज १.२. म्हणजे एका सेलमध्ये साधारण २.३ वॉट-तास, दोन्ही मिळून साडेचार. हे सेल तीन तास पुरले तर यंत्र सरासरी दीड वॉट खातं. त्यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते.

आता ऊन बघा. निरभ्र दुपारी सूर्यासमोर असलेल्या एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॉट पडतात. रेकॉर्डरची वरची बाजू १५ बाय १० सेंटिमीटर धरली तर तिच्यावर १५ वॉट. यंत्र बहुधा काळं असतं, म्हणून त्यातले बरेचसे आत मुरतात. यंत्राची स्वतःची उष्णता दीड वॉट आणि उन्हाची त्याच्या जवळपास दहापट! तुम्ही नमुना-दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ९६ किलोहर्ट्झवरून ४८ वर आणलात, पडदा मंद केलात, तर पाव-अर्धा वॉट वाचेल. सावली धरलीत तर दहा-बारा वॉट वाचतील. म्हणून सावली आधी, सेटिंग नंतर. हा क्रम मी कधीच मोडत नाही.

एक अडचण मात्र सावलीने सुटत नाही. बहुतेक हँडी रेकॉर्डरच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं, आणि ते यंत्राभोवतीच्या हवेचं असतं. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथे मे महिन्यात सावलीतली हवाच ४३-४४ अंशांवर जाते. तिथे दुपारी सावलीत ठेवूनही तुम्ही मर्यादेच्या बाहेरच असता. मग उपाय दोनच. कार्यक्रम सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर ठेवायला आयोजकांना सांगणं, आणि ते शक्य नसेल तर सावलीबरोबरच खाली दिलेले सगळे उपाय एकत्र करणं.

खरंच तापला आहे का, ते ओळखा

यंत्र बंद पडलं म्हणजे तापलंच असं नाही. घाम पुसण्याआधी दोन मिनिटं तपासणी करा.

बोटांनी सुरुवात करा. वरची, उन्हाकडची बाजू कडक तापलेली आणि खालची कोमट असेल तर दोष उन्हाचा. सेलच्या झाकणाची बाजू सगळ्यात गरम असेल तर सेल किंवा त्यांचे संपर्क बघा. पाठीचा मधला भाग गरम असेल तर आतली इलेक्ट्रॉनिक्स जास्त ओढत आहे, बहुधा फँटम पॉवरमुळे, म्हणजे रेकॉर्डर केबलमधून माइकला पुरवतो त्या ४८ व्होल्टच्या विजेमुळे. कार्डाच्या खाचेपाशी ऊब लागली तर घाबरू नका. एसडी कार्डं ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात, ती सहसा आधी हार मानत नाहीत. साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्रीसारखे धातूच्या बॉडीचे रेकॉर्डर तर सावलीतही गरम लागतात, कारण त्यांची बॉडीच आतली उष्णता बाहेर टाकते. तेवढ्यावरून काळजी करू नये. धातूवर हात काही सेकंद टेकवता येत असेल तर ठीक. लागताच हात मागे येत असेल तर तापमान साठीच्या आसपास आहे असं समजा.

मोजायचंच असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर चांगला, पण चकचकीत धातूवर तो फसतो आणि खरं असेल त्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवतो. यंत्राच्या पाठीवर मास्किंग टेपचा एक तुकडा कायमचा चिकटवून ठेवा आणि तिथेच मोजा.

नंतर सेल बदला. ताजे सेल घातल्यावर यंत्र सुरू होऊन नीट चालू राहिलं तर आधीचे सेल संपलेले होते. पाच-दहा मिनिटांत पुन्हा बंद पडलं तर उष्णतेवर संशय घ्या. मेन्यूमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते: अल्कलाइन, निकेल-मेटल, लिथियम. ती चुकलेली असेल तर भरलेले रिचार्जेबल सेलसुद्धा यंत्राला अर्धे रिकामे वाटतात आणि ते वेळेआधी बंद होतं. तापण्याच्या अनेक तक्रारी इथेच मिटतात.

पडदा काळवंडला पण लाल दिवा चालू असेल, तर मुद्रण चालू आहे. एलसीडी फार तापला की काळा पडतो आणि थंड झाल्यावर बहुधा पूर्ववत होतो. अशा वेळी घाईने बटणं दाबू नका. पडदा दिसत नसताना चालू मुद्रण आपल्याच हाताने थांबवलेली माणसं मी पाहिली आहेत.

सूं असा आवाज वाढला तर? उष्णतेने विद्युत-रोधांतला गोंगाट वाढतो खरा, पण २५ वरून ५० अंशांवर गेल्यावर ही वाढ अर्ध्या डेसिबलच्याही आत राहते. कानाला ती कळणार नाही. सूं स्पष्ट वाढला असेल, खरखर किंवा टकटक येत असेल, तर माइकमध्ये दमट हवा शिरली आहे किंवा फँटम पॉवर पुरी पडत नाही. मल्टिमीटर जवळ असेल तर केबलच्या टोकाला पिन १ आणि पिन २ यांच्यामध्ये मोजा. माइक न लावता ४४ ते ५२ व्होल्ट यायला हवेत.

सावली कशी धरायची

पहिला प्रश्न असा: रेकॉर्डर माइकच्या जागीच असायला हवा का? माइक गायकासमोर हवा, हे बरोबर. रेकॉर्डर नको. वेगळे माइक वापरत असाल तर १० किंवा २० मीटर बॅलन्स्ड एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची केबल) ओढा आणि रेकॉर्डर मांडवात, रंगमंचाखाली, झाडाखाली, कुठेही गार जागी ठेवा. एवढ्या अंतराने आवाजात फरक पडत नाही. उन्हावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ही केबल. ३२-बिट फ्लोटवर (अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज दोन्ही न फाटता साठवणाऱ्या पद्धतीवर) चालणारी यंत्रं इथे फार कामाची, कारण पातळी सारखी सारखी बघावी लागत नाही. झूम कंपनीच्या एफ३ रेकॉर्डरवर तर गेनचं, म्हणजे पातळी कमी-जास्त करायचं, बटणच नाही. एकदा सुरू केलं की गाणं संपेपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही तरी चालतं.

अंगभूत माइकवर काम करणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांना यंत्र उन्हातच ठेवावं लागतं आणि सावली त्याच्यापर्यंत न्यावी लागते. त्यासाठी पांढरं जाड सुती कापड किंवा गाडीच्या काचेला लावतात ती चंदेरी शेड घ्या. ती यंत्रापासून किमान वीतभर वर ताणून बांधा. यंत्राला गुंडाळायची नाही. गुंडाळली की ऊन अडतं, पण आतली ऊबही अडते. मधली मोकळी हवा वाहत राहिली पाहिजे. चंदेरी कागद वाऱ्यावर चुरचुरतो आणि तो चुरचुराट माइकमध्ये जसाच्या तसा येतो, म्हणून अंगभूत माइकजवळ सुती कापडच बरं. शिवाय कापड माइकच्या तोंडासमोर किंवा अगदी डोक्याशी आलं तर आवाज त्यावर आपटून परत येतो. ते वर आणि थोडं मागे ठेवा. छत्री वापरणार असाल तर ती वेगळ्या स्टँडला बांधा आणि त्याच्या पायांवर वाळूची पिशवी ठेवा. माइकच्याच स्टँडला छत्री बांधली की ती शिडासारखी वारा पकडते. स्टँड डुलतो, खालची घुरघुर मुद्रणात येते, आणि कधी सगळंच आडवं होतं.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. कार्यक्रम दोन तासांचा असेल तर सावली आत्ता कुठे आहे हे बघून भागत नाही, दोन तासांनी कुठे असेल ते बघा. दुपारनंतरच्या कार्यक्रमात पश्चिमेकडे कापडाचा एक पडदा जास्तीचा सोडा. मे महिन्याच्या मध्यात पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमाराला भर दुपारी भिंतीची, खांबाची, कनातीची सावली मिळतच नाही, आडोसा डोक्यावरच लागतो. पत्र्याच्या शेडवर भरवसा ठेवू नका. तापलेला पत्रा वरून भाजत असतो. पत्र्याखाली बसावं लागलं तर यंत्रावर कापडाचं आणखी एक छत धरा.

खालूनही उष्णता येते, हे विसरलं जातं. डांबर, फरशी, रंगमंचावरचा काळा गालिचा हे सगळे तव्यासारखे तापतात. रेकॉर्डर जमिनीवर ठेवू नका. स्टँडच्या पायाला क्लॅम्पने अडकवा किंवा लाकडी स्टुलावर, खाली हवा खेळेल असा ठेवा. स्पंजचं अस्तर असलेला पाऊच प्रवासासाठी असतो. मुद्रण करताना यंत्र त्यात ठेवणं म्हणजे त्याला गोधडीत झोपवणं. जाळीची पिशवी चालेल. रेकॉर्डरवर पॉवर बँक रचू नका, दोघांत दोन-तीन बोटं अंतर हवं.

आणि सगळ्यात मोठा घात होतो तो कार्यक्रमाच्या आधी. मैफल संध्याकाळी साडेसहाला असते, पण साउंड चेक तीनला. साउंड चेक झाला की सगळे चहाला जातात आणि रेकॉर्डर स्टँडवरच तीन तास भाजत राहतो. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा ऊन नसतं, म्हणून यंत्र का बंद पडलं ते कुणालाच कळत नाही. चेक झाला की रेकॉर्डर उतरवा आणि सोबत न्या. बंद गाडीत मात्र कधीच ठेवू नका. उन्हातल्या गाडीत तापमान साठीच्या पुढे जातं.

सेल आणि वीज

उन्हात मी अल्कलाइन सेल वापरत नाही. त्यांचा आतला रोध जास्त असतो, म्हणून जास्त वीज ओढली की व्होल्टेज पडतं आणि सेल स्वतःही तापतात. निकेल-मेटल रिचार्जेबल चांगले. एनर्जायझरचे लिथियम सेल ६० अंशांपर्यंत चालतात, महाग पडतात, पण एकदाच होणाऱ्या कार्यक्रमासाठी तो खर्च मी करतो. यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम-आयन पेन्सिल सेल टाळा. त्यांच्या पोटात व्होल्टेज उतरवणारं सर्किट असतं. ते तापतं आणि कधी कधी आवाजात किरकिरही सोडतं.

संपर्काच्या पट्ट्या बघा. कोकणात त्यांच्यावर हिरवट थर लवकर चढतो. दोन वॉट ओढणाऱ्या यंत्रात २.४ व्होल्टवर साधारण ०.८ अँपिअर वाहतात. पट्टीवर ०.२ ओहमचा रोध साठला तर १७ शतांश व्होल्ट तिथेच गळतात आणि त्याची उष्णता सेलच्या कप्प्यात तयार होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, वाळू द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

पॉवर बँक बाहेरून वीज देत असल्याने सेलची उष्णता वाचते, पण यंत्रात स्वतःची लिथियम बॅटरी असेल तर पॉवर बँक तिला चार्ज करू लागते आणि आतली उष्णता उलट वाढते. मेन्यूत फक्त बाहेरच्या विजेवर चालण्याची सोय असेल तर ती निवडा. नसेल तर बॅटरी घरून पूर्ण भरून आणा. काही पॉवर बँका कमी प्रवाह दिसला की आपण होऊन बंद होतात. तुमची तशी आहे का, हे घरीच तपासा. आणि पॉवर बँकेलाही सावली लागते.

यंत्रावरचा भार

सावली धरून झाली की आता सेटिंग. फँटम पॉवर ज्या चॅनेलला लागत नाही तिथे बंद करा. मिक्सरवरून लाइन घेतली असेल किंवा विजेशिवाय चालणारा डायनॅमिक माइक असेल तर ती नकोच. नॉयमानचा केएम १८४ हा कंडेन्सर (विजेवर चालणारा) माइक साधारण ३.२ मिलिअँपिअर घेतो. असे चार माइक ४८ व्होल्टवर ०.६ वॉट ओढतात, आणि ४८ व्होल्ट तयार करताना होणारी गळती धरली तर सेलवर त्याहून जास्त भार येतो. दीड वॉटच्या यंत्राला हे बरंच झालं. काही रेकॉर्डरमध्ये २४ व्होल्टचा पर्याय असतो, पण माइकच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असेल तरच तो वापरा.

४८ किलोहर्ट्झ, २४-बिट पुरेसं आहे. स्टिरिओला तासाला जेमतेम एक जीबी लागतो. १९२ किलोहर्ट्झवर तेच चार जीबी होतात, प्रोसेसर आणि कार्ड दोघंही चौपट राबतात, आणि संबळ किंवा सनई ऐकताना फरक कळत नाही. सोबत एमपी३ बनवणं, वाय-फाय, ब्लूटूथ, पडद्यामागचा दिवा, न लागणारी चॅनेलं हे सगळं बंद. हेडफोनचा आवाज कमी.

बर्फाचा मोह

कुणीतरी शीतपेटी घेऊन येतंच. बर्फाची पिशवी यंत्राखाली ठेवू नका. हवा ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांवर असतो. म्हणजे २६ च्या खाली गेलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरणार, यंत्राच्या आतसुद्धा. गोव्यात किंवा रत्नागिरीत एसीच्या खोलीतून रेकॉर्डर थेट किनाऱ्यावर नेला तरी हेच होतं. खोलीतच झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या. कंडेन्सर माइकना हा नियम आणखी कडक लावा.

विदर्भाच्या कोरड्या हवेत ओल्या कापडाचा पडदा काम देतो. तो सावलीत, वाऱ्याच्या दिशेला, यंत्रापासून हातभर लांब टांगा. यंत्रावर ओलं काही टाकू नका. कोकणात हा उपाय निरुपयोगी, कारण दमट हवेत पाणी उडतच नाही.

घरची तालीम

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी एक दिवस काढा. नेहमीचे माइक, नेहमीची सेटिंग लावून यंत्र खोलीत तीन तास चालवा आणि दर अर्ध्या तासाने टेपच्या तुकड्यावर तापमान लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तेच गच्चीवर, कापडाच्या सावलीत करा. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी सावली, मग सेल, मग फँटम. हवेपेक्षा यंत्र किती अंश वर राहतं हा आकडा मिळाला की कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात काय होईल याचा अंदाज बसल्या जागी करता येतो.

गाणं चालू असताना तापला तर

आलाप रंगात आला आहे आणि यंत्र कडकडीत तापलंय. थांबवू नका. आधी सावली द्या. अंगावरचं उपरणंसुद्धा दोन हातांनी वर धरलं तरी चालेल. पाऊच असेल तर अलगद काढा, हेडफोन काढा. मग गायक थांबण्याची, तबलजी हातोडीने तबला जुळवण्याची वाट बघा. त्या खंडात मुद्रण थांबवून लगेच नवं सुरू करा. थांबवताक्षणी आतापर्यंतची फाइल नीट बंद होते आणि सुरक्षित होते. पुष्कळ यंत्रांत न थांबता नवी फाइल सुरू करायची सोय असते, ती दर अर्ध्या तासाने वापरा. पडद्यावर तापमानाचा इशारा आला तर मात्र गाणं चालू असलं तरी स्वतः थांबवा. तीस सेकंद गेले तरी आधीचा तास वाचतो.

दुसरा छोटा रेकॉर्डर किंवा मोबाइल सावलीत चालू ठेवा. साउंडवाल्याच्या मिक्सरवरून एक लाइन मिळाली तर उत्तम, पण तिच्यात समोरच्या माणसांचा आणि जागेचा आवाज नसतो. ती मुद्रणाला जोड म्हणून घ्या.

बंद पडल्यावर फाइल वाचवणं

यंत्र सावलीत ठेवा, सेल काढा. लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर ती पुन्हा लावू नका. वीस मिनिटं आपोआप निवू द्या, पंख्याची हवा चालेल. मग सुरू करा. काही यंत्रं अर्धवट फाइल स्वतः ओळखून दुरुस्त करतात.

नाही झाली तरी धीर सोडू नका. वेव्ह फाइलमध्ये सुरुवातीला मथळा असतो, त्यात फाइलची लांबी लिहिलेली असते, आणि ती मुद्रण थांबवल्यावर भरली जाते. वीज मध्येच गेली तर लांबी कोरी राहते आणि प्रोग्राम फाइल उघडत नाहीत. आवाज बहुधा कार्डावर असतो. कार्डाची कडेची कळ खाली सरकवून कुलूप लावा, मगच संगणकात घाला. संगणक दुरुस्त करू का किंवा फॉरमॅट करू का असं विचारेल, दोन्हींना नाही म्हणा. आधी अख्ख्या कार्डाची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, संगणकावर काढून ठेवा. फाइलचा आकार भरलेला दिसत असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये ती रॉ डेटा (मथळ्याविना नुसता आवाज) म्हणून आणा: २४-बिट, लिटल-एंडियन, स्टिरिओ, ४८०००. नुसता खरखराट ऐकू आला तर सुरुवातीचा ऑफसेट (किती बाइट सोडून वाचायचं तो आकडा) ०, १, २ असा एकेक बाइट सरकवून बघा, कारण २४-बिटचा एक नमुना तीन बाइटांचा असतो. गाणं निम्म्या वेगाने, खालच्या सप्तकात वाजलं तर मुद्रण ९६ वर होतं. आकार शून्य दिसत असेल तर फोटोरेक हा हरवलेल्या फाइल शोधणारा मोफत प्रोग्राम कार्डाच्या प्रतिमेवर चालवा. प्रत्येक कार्यक्रमाआधी कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट केलेलं असेल तर आवाज सलग साठलेला सापडण्याची शक्यता वाढते.

त्या चैत्रात मला हे माहीत नव्हतं. फाइल उघडत नाही म्हटल्यावर संध्याकाळच्या कीर्तनाला जागा हवी म्हणून मी तेच कार्ड तिथेच फॉरमॅट केलं. आता माझ्या पिशवीत नेहमी दोन कोरी कार्डं असतात, आणि बंद पडलेल्या यंत्रातलं कार्ड घरी पोचेपर्यंत कुलूप लावून वेगळ्या डबीत राहतं.